घरी आलेलं मत

"बाई, तुमचं मत आलंय हो!"

पुंजाराम पोस्टमनने खालच्या चौकातूनच आरोळी दिली, आणि वर माडीवर सातवीचे भूगोलाचे पेपर तपासत बसलेल्या विजयमालाच्या हातातली लाल पेन्सिल जागच्या जागी थांबली. पुंजारामची ती सवयच होती. कुणाचं कार्ड आलं, कुणाच्या माहेरचं पत्र आलं, कुणाच्या मुलाला नोकरीचा कॉल आला, सगळं तो चौकात उभा राहून पुकारायचा, आणि नगरच्या तोफखाना आळीतल्या त्या घरातल्या सहाही बिऱ्हाडांना ते एकदमच कळायचं. त्यात कधी कुणाला वावगं वाटलं नव्हतं. पण आज तो शब्द चौकात पडला आणि नळाखाली शेजारच्या केशरबाईचं बादली घासणं थांबलं, हे विजयमालाला वरूनच ऐकू आलं. ती जिना उतरून खाली गेली. लांबट, खाकी, जाड पाकीट होतं. पुंजारामने सहीसाठी कागद पुढे केला आणि डोळे मिचकावून म्हणाला, "आमी रांगंत हुबं ऱ्हायचं, आन् तुमच्या घरी सोता सरकार येतंय. थाट हाय बाई तुमचा." केशरबाई हात पुसत जवळ आली, पाकिटाकडे वाकून बघत म्हणाली, "बगू तरी कसं असतंय मत." विजयमालाने नकळत पाकीट छातीशी धरलं. नंतर तिला त्याचीच लाज वाटली. बाळंतपणाचे कपडे कुणी उघड्यावर वाळत घालावेत तसं काहीतरी तिला वाटलं होतं.

बहात्तर सालच्या मार्चमधली ती निवडणूक. बायकांच्या बोटाला शाई लावायला बाईमाणूस हवं म्हणून त्या वर्षी शाळेतल्या अकरा शिक्षिकांना निवडणुकीचं काम लागलं होतं. ज्याला काम लागलं त्याला मतदानाच्या दिवशी कुठे पाठवतील याचा नेम नाही, म्हणून त्याचं मत आधीच टपालाने घरी येतं, हे तिला तोवर ठाऊकही नव्हतं. माडीवर येऊन तिने दार लोटलं आणि पाकीट फोडलं. आत एक छापील मतपत्रिका. त्यावर उमेदवारांची नावं आणि पुढे निशाण्या. एक लहान पाकीट, एक मोठं पाकीट. एक प्रतिज्ञापत्र, त्यावर सरकारी साहेबासमोर सही करायची. आपल्या माणसाच्या नावापुढे फुली मारायची, कागद लहान पाकिटात घालून चिकटवायचा, ते पाकीट आणि प्रतिज्ञापत्र मोठ्या पाकिटात घालून पेटीत टाकायचं. किती सोपं. तिने नावं वाचली. सहा होती, पण खरी दोनच. कानिफनाथ वकील, निशाणी होडी. मार्तंडराव, निशाणी सायकल. ती होडी बघून तिला हसू आलं. दोन वर्षं नगरला पाऊस धड नाही, नळाला दिवसाआड पाणी, सीना नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि निशाणी होडी! तोफखान्यात त्यावरून रोज नवा विनोद व्हायचा. तिने कागदाची घडी पुन्हा घातली आणि आता हे ठेवायचं कुठे म्हणून खोलीभर पाहिलं. दोन खोल्या, एक ट्रंक, एक फडताळ, एक शिवणाचं मशीन. ट्रंकेत नवरा कपडे शोधायचा, फडताळात लेक लीना खाऊ शोधायची, मशीनच्या खणात शेजारणी सुई शोधायच्या. बारा वर्षांच्या संसारात आपल्या एकटीची म्हणावी अशी वीतभर जागा या घरात नाही, हे तिला त्या मंगळवारी दुपारी पहिल्यांदा कळलं. शेवटी तिने पाकीट भूगोलाच्या पेपरांच्या गठ्ठ्यात, बरोबर मधोमध, सरकवलं.

संध्याकाळी तिचा नवरा गोरख डेपोतून आला तो जिन्यातूनच हसत. त्याचं खरं नाव गोरक्ष, पण ते फक्त हजेरीपुस्तकात. "काय म्हनतंय आमच्या घरातलं मत? जेवलं का ते?" म्हणजे केशरबाईने त्याला कोपऱ्यावरच गाठलं होतं. विजयमालाने चहा पुढे ठेवला. गोरख एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होता, आणि मार्तंडराव त्यांच्या युनियनचे. सहा वर्षांपूर्वी एका गाडीचे ब्रेक लागले नाहीत म्हणून गोरखला घरी बसवला होता. चार महिने. चूक त्याची नव्हती, पण ते कुणी ऐकत नव्हतं. मार्तंडराव सायकलवरून पुण्याच्या साहेबापर्यंत गेले होते असं गोरख सांगायचा. सायकलवरून पुण्याला कुणी जात नाही हे त्यालाही ठाऊक होतं, पण त्याला ते तसंच सांगायला आवडायचं. त्या चार महिन्यांत तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा, ती पाठ विजयमाला विसरली नव्हती. आणि ज्या दिवशी कामावर घेतल्याचा कागद आला त्या दिवशी तो मार्तंडरावांच्या दारात जाऊन नुसता उभा राहिला होता. अशा माणसाला मत द्यायचं की नाही हा प्रश्नच त्या घरात नव्हता. मीठ कुठल्या डब्यात आहे हे जसं कुणी कुणाला विचारत नाही, तसं ते होतं. गोरखने बशीतला चहा फुरकला आणि म्हणाला, "आपली दोन मतं सायकलीला. तुझं आदी पोचनार, माझं मागनं." ती हसली. तिचं हसणं त्याला होकारासारखं दिसलं असणार. बारा वर्षं तसंच चालत आलं होतं.

पण विजयमालाचं ठरलेलं होतं, आणि ते वेगळंच होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायचंही नव्हतं. दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. पहाटे पाचला आळीच्या सार्वजनिक नळावर बायकांची रांग. तिचा नंबर नववा होता, केशरबाईचा सहावा. आणि सातव्या नंबरवर, केशरबाईच्या मागे, पायजम्यावर एक लांब नाकाचा माणूस पितळी हंडा घेऊन उभा. पलीकडच्या बोळातले कानिफनाथ वकील. बायकोला बाळंत होऊन आठवडा झालेला, घरात दुसरं कुणी नाही. बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. केशरबाईनेच शेवटी म्हटलं, "वकीलसायेब, तुमी भरा आदी. बाप्या मानसानं किती हुबं ऱ्हायचं." सगळ्यांनी वाट करून दिली. पण तो जागचा हलला नाही. खाली मान घालून म्हणाला, "नंबर आला की भरतो." बस, एवढंच. धार करंगळीएवढी होती. त्याचा नंबर येईपर्यंत चांगलं उजाडलं. हंडा भरला आणि त्याने तो खांद्यावर न घेता बायकांसारखा कमरेवर घ्यायचा प्रयत्न केला, अर्धं पाणी पायजम्यावर सांडलं, आणि तो तसाच भिजल्या पायजम्याने निघून गेला. विजयमालाने आयुष्यात पुष्कळ पुरुष पाहिले होते: माहेरचे, सोनईचे चुलते, शाळेचे चेअरमन, सासरे, नवरा. कुणी वाईट नव्हतं. पण कुणीतरी वाट करून दिल्यावरही न जाणारा तिने तो एकच पाहिला होता. पुढे तो निवडणुकीला उभा राहतोय असं कळलं तेव्हा तिच्या मनाने एवढंसं म्हटलं, ह्याला द्यायचं. भाषणं तिने ऐकली नाहीत. पत्रकं वाचली नाहीत. ते ठरणं तिला आतल्या आत गोड लागत होतं. कढईच्या तळाची खरवड आपण एकटीने खावी तसं. टपाल यायच्या आधी बेत असा होता: मतदानाच्या दिवशी पडद्याआड जायचं, होडीवर शिक्का मारायचा, बाहेर येऊन गोरखबरोबर घरी यायचं. त्याचं मन मोडायचं नाही, आपलंही मोडायचं नाही. कुणाचं काही जाणार नव्हतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत हेडक्लार्क विष्णुपंत शिक्षिकांच्या खोलीत आले. हातात यादी होती. विष्णुपंत सज्जन माणूस. रजेचा अर्ज चुकला तर स्वतः दुरुस्त करून द्यायचे. ते दाराशीच उभं राहून, कुणाकडेही न बघता म्हणाले, "टपाली मतं आली असतील सगळ्यांची. शनिवारी शाळा सुटल्यावर सह्यांसाठी साहेब येणार आहेत, तेव्हा मतं घेऊन या." मग जरा घसा खाकरून, "कोरी आणा. इथेच भरू सगळे मिळून. चेअरमनसाहेबांचा निरोप आहे, होडी." कानिफनाथ वकील चेअरमनसाहेबांचे सख्खे भाचे, हे विजयमालाला माहीत होतं, पण माहीत असणं आणि असं अंगावर येणं वेगळं. कुणीतरी म्हणालं, "पेन आमचं की संस्थेचं?" आणि सगळ्या हसल्या. विष्णुपंतही हसले. जाताजाता ते विजयमालाजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमची कायम करायची फाईल साहेबांच्या टेबलावर आहे बरं. या वेळी होऊन जाईल." चार वर्षं ती दर एप्रिलला मोकळी व्हायची आणि दर जूनला पुन्हा नेमली जायची. दर उन्हाळ्यात त्या कागदाची वाट बघणं. कायम झाली नाही तर संस्थेच्या राजूरच्या शाळेत जागा रिकामी आहे असं गेल्याच वर्षी सुचवून झालं होतं. राजूर, पार अकोले तालुक्याच्या डोंगरात. तिकडे जायचं तर आठ वर्षांच्या लीनाला इथे ठेवून, नाहीतर गोरखला इथे ठेवून. शोभा कुलकर्णी तिच्या शेजारी बसायची, ती डबा बंद करत म्हणाली, "एवढंसं तर आहे, विजू. फुली मारायची. आपल्याला कुठे विचारून कधी काय झालंय?"

विजयमाला पाचव्या तासाला वर्गावर गेली आणि फळ्यावर खारे वारे, मतलई वारे काढू लागली, पण तिच्या मनात काहीतरी विचित्र चाललं होतं. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मागताहेत तेच तर आपल्याला द्यायचंय! अंगठा लावायला सांगितलेल्या कागदावर आपलीच कविता लिहिलेली निघावी, तसं. मग दोन बाणांच्या मध्येच तिचा खडू थांबला. शनिवारी ती होडीवर फुली मारेल, आणि विष्णुपंत यादीत खूण करतील, आणि चेअरमनसाहेब म्हणतील, झालं. ती फुली त्यांची असेल. नळावरचा तो भिजला पायजमा, तो सातवा नंबर, ते दोन वर्षं आत जपलेलं काहीतरी, त्यातलं काही त्या फुलीत दिसणार नाही. भीती तेवढी दिसेल. दुसऱ्यांना तर दिसेलच, पण तिला स्वतःला? उद्या रात्री मध्येच जाग आली आणि मनाने विचारलं, विजे, तुला तो माणूस आवडला होता म्हणून दिलंस, की राजूरला जायचं नव्हतं म्हणून? तर ती काय सांगणार होती? आजपर्यंत तिला ठाऊक होतं. आज बारा वाजून दहा मिनिटांनी ते तिच्याकडून कुणीतरी काढून घेतलं होतं. "बाई, मतलई वारे कुठून कुठं?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. फळ्यावर दोन्ही बाण एकाच दिशेला काढले होते. तिने हाताने पुसले, पदराला खडू लागला.

घरी तिने गोरखला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण जेवताना त्याने दोनदा विचारलं, काय झालंय. तो ताटावरून उठलाच. "कोरं मत? मत म्हंजी काय ह्यांच्या घरची उसनी वाटी हाय का?" मग खाली बसला, भाकरी कुस्करली, खाल्ली नाही. "तू असं कर. सायकलीवर फुली मार, पाकीट चिकटव आन् त्येंच्या तोंडावर दे. बगू काय करत्यात." लीना दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "राजूरला पाठवतील," विजयमाला म्हणाली. गोरखने ताट बाजूला सारलं. बाहेर कुणीतरी रेडिओ लावला होता. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तुज्या नोकरीचं हाय. मी जबरदस्ती न्हाई करत. तुला वाटंल तसं कर. भ्यालीस तरी मी काय बोलनार न्हाई." ते तिला रागावण्यापेक्षा जड गेलं. भ्यालीस तरी. म्हणजे आता होडीला दिलं तर घरातही ती भ्यालेली, आणि सायकलीला दिलं तर धीट. धीट व्हायचं तर आपल्या मनाविरुद्ध मत द्यायला हवं होतं. मनासारखं द्यायचं तर भित्री ठरायला हवं होतं. ती गुरुवारभर आणि शुक्रवारी सकाळी ह्याच दोन वाक्यांमधून फिरत राहिली, घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापड तरी असते. सायकलीवर फुली मारलेली तिने मनात पाहिली. मार्तंडराव काही वाईट माणूस नव्हते. पण तीही फुली तिची नव्हती; ती फक्त चेअरमनसाहेबांच्या फुलीच्या उलटी होती. कोराच कागद पाकिटात घालावा, असंही तिला वाटलं. मग तिला सातवीतल्या कोऱ्या पेपरांची आठवण झाली. काही मुली नुसतं नाव आणि हजेरी क्रमांक लिहून कोरा पेपर देतात. त्यांना काहीच येत नसतं असं नाही. पण मार्क शून्यच पडतात, तेही तिच्याच हाताने.

त्या दिवसांत तिला आई फार आठवली. गोजरबाई. सोनईला पहिली निवडणूक झाली तेव्हा विजयमाला पंधरा वर्षांची होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर निशाणी चिकटवलेली. कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आजोबांनी बैलगाडी जुंपली, घरातल्या पाचही बायका नवी लुगडी नेसून गाडीत बसल्या आणि वाटभर आजोबा निशाणी पाठ करून घेत होते. धाकट्या चुलतीने पेटीवर हळदकुंकू वाहिलं आणि तांदूळ टाकले, केंद्रावरचा साहेब ओरडला, त्यावर पुढे कित्येक वर्षं घरात हसणं चालायचं. गोजरबाई मात्र आत गेली ती लवकर बाहेरच येईना. साहेबाने दोनदा हाक मारली, "बाई, झालं का?" मग आली. संध्याकाळी जात्यावर बसली असताना विजयमालाने विचारलं, "बय, कुनाला टाकलंस गं?" आईने जातं थांबवलं नाही. "सांगितल्यालं तिथंच टाकलं." मग थोड्या वेळाने, पीठ गोळा करता करता, "पन आत कुनी नव्हतं बग. चारी बाजूंनी पडदा. लगीन झाल्यापास्नं पैल्यांदाच कुनी नव्हतं. म्हनून जरा हुबी ऱ्हायले." एवढंच बोलली आणि पुन्हा ओवी धरली. विजयमालाला तेव्हा त्यात काही समजलं नव्हतं. आता पस्तिसाव्या वर्षी, पेपरांच्या गठ्ठ्यात दडवलेल्या त्या खाकी पाकिटावर हात ठेवून बसलेली असताना, तिला आईचा हेवा वाटला. आईने सांगितलेलं ऐकलं, पण तिला निदान पडदा तरी होता. हिचं मत शिकलेलं, नोकरी करणारं, टपालाने मानाने घरी आलेलं, आणि त्याला उभं राहायला चार बाजूंनी झाकलेली जागा नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिने ती जागा शोधली. चौकात सहा बिऱ्हाडांची मिळून एक न्हाणी होती. आतून कडी लागणारं त्या घरातलं एकच दार. तिने खांद्यावर टॉवेल टाकला, टॉवेलात कागद आणि पेन गुंडाळलं आणि खाली गेली. आत ओल्या दगडाचा आणि साबणाचा वास होता. वरच्या झरोक्यातून पिवळट उजेड येत होता. तिने बादली पालथी घालून तिच्यावर बसून मतपत्रिका मांडीवर पसरली. आता कुणी नव्हतं. तिने डोळे मिटले आणि नळावरची ती पहाट आठवायचा प्रयत्न केला. करंगळीएवढी धार, लांब नाक, नंबर आला की भरतो. सगळं आलं, पण पाठोपाठ विष्णुपंतांची यादीही आली, टेबलावरची फाईल आली, राजूरचा घाट आला, गोरखची भाकरी कुस्करणारी बोटं आली. सगळे त्या वीतभर न्हाणीत दाटीने उभे राहिले. थांबा, ती मनात म्हणाली, सगळे जरा बाहेर जा, मला एकटीला दोन मिनिटं द्या. आणि नेमकी तेव्हाच कडी वाजली. "कोन हाय आत? अवो, पानी जायाला आलं!" केशरबाई. "मी आहे," विजयमाला म्हणाली. "मग आवाज कसा न्हाई तांब्याचा? झोपल्या का काय?" पुन्हा दार वाजलं. विजयमालाने डोळे उघडले आणि पेन टेकवलं. हात होडीपुढे गेला. फुली उमटली, एक रेघ दुसरीपेक्षा लांब. शाळेत हीच फुली ती चुकीच्या उत्तरावर मारत आली होती. क्षणभर तिला वाटलं आपण ते नाव खोडलंच. हात तिथे आपणहून गेला, की भीतीने नेला, की केशरबाईच्या धक्क्याने? बघायला वेळच मिळाला नाही. तिने कागद घडी करून लहान पाकिटात घातला, डिंकाची कड जिभेवरून फिरवली आणि बोटांनी दाबून धरली. जिभेवर कडवट चव राहिली. एक तांब्या पाणी फरशीवर ओतलं, पायही भिजवले आणि दार उघडलं. "कोरड्याच की तुमी!" केशरबाई म्हणाली.

शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटली. मुख्याध्यापिकांच्या खोलीत कुठल्याशा कचेरीतले साहेब चहा पीत बसले होते आणि बाजूच्या टेबलावर विष्णुपंत. समोर यादी, डिंकाची बाटली, एक पेन. एकेक शिक्षिका यायची, कोरी मतपत्रिका विष्णुपंतांसमोर ठेवायची, ते बोट दाखवायचे, ती फुली मारायची, ते पाकीट चिकटवायचे, साहेब प्रतिज्ञापत्रावर सही ठोकायचे. पोस्टात तिकिटं लावायला बसल्यासारखं. शोभा फुली मारून बाहेर जाताना कुणाशी तरी हळदीकुंकवाचं बोलतच गेली. विजयमाला पुढे झाली. तिने आधी प्रतिज्ञापत्र साहेबांपुढे ठेवलं, त्यांनी न बघता सही केली. मग लहान पाकीट हातातच धरून ती विष्णुपंतांकडे वळली. "हे काय? चिकटवलेलं?" ते म्हणाले. "झालंय माझं." "काय झालंय?" "मत."

विष्णुपंतांनी चष्मा वर केला. "कुणाला दिलं?" त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, काळजी होती. होडीला, एवढाच शब्द म्हणायचा होता. खरा होता. तो तिच्या जिभेवर त्या डिंकाच्या चवीशेजारीच बसला होता. म्हटला असता की फाईल पुढे सरकली असती, उन्हाळ्यातलं ते वाट बघणं कायमचं संपलं असतं. तिने तोंड उघडलं आणि तिला दिसलं, की शब्द बाहेर पडला की तो यादीत जाणार. दोन वर्षांत स्वतःचं म्हणून एक तिने ठरवलं होतं, ते अकरा फुल्यांतली एक फुली होऊन बसणार. "ते सांगायचं नसतं ना, पंत," ती म्हणाली. "अहो, आपल्यातल्या आपल्यात. दाखवा बरं, उघडून पुन्हा चिकटवू. डिंक आहे आपल्याकडे." त्यांनी बाटली पुढे सरकवलीसुद्धा. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "नाही," विजयमाला म्हणाली. विष्णुपंत खूप हळू म्हणाले, "बाई, मी वाईट माणूस नाही. पण मला यादी वर द्यायची आहे. मी काय लिहू तुमच्यापुढे?" तिला त्यांची खरीच दया आली. तिने तिथेच मोठ्या पाकिटात सगळं घातलं, ते बंद केलं आणि बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीत तिने ते टाकलं आणि पेटीला हात टेकून ती जराशी उभी राहिली. मिळवलं काय आणि घालवलं काय, याचा हिशेब लागत नव्हता. ज्यांना हवं होतं त्यांना हवं तेच देऊन ती त्यांची वैरीण झाली होती.

गोष्ट तिच्या आधी तोफखान्यात पोचली. दुपारी गोरख अर्ध्या शिफ्टमधून घरी आला, सायकल चौकात तशीच आडवी टाकून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. हातात पुडीत भेळ आणि गजरा. त्याच्या तोंडावर जे होतं ते तिने लीना झाली त्या दिवशीनंतर पाहिलं नव्हतं. "युनियनच्या कचेरीत मार्तंडरावांनी सगळ्यांम्होरं तुजं नाव घेतलं. म्हनले, आसं एक मानूस दहा सभांना भारी हाय." "अहो, ऐका," ती म्हणाली. "काय बी सांगू नको. इचारलं का मी? मला ठावं हाय." त्याने स्वतःच तिच्या अंबाड्यात गजरा खोचला, वाकडा. "मी म्हनलं हुतं भ्यालीस तरी चालंल. म्हनायला नको हुतं. चुकलं माझं." त्याचे डोळे पाणावले होते. चार महिने भिंतीकडे तोंड करून झोपणारा हा माणूस आज तिच्यामुळे ताठ उभा होता. आता ह्याला सांगायचं, की मी होडीलाच दिलं, पण भिऊन नाही? त्याला ते वाक्य समजलं असतं का? तिला तरी कुठे पुरतं समजलं होतं. आणि सांगायचंच होतं तर विष्णुपंतांना सांगायला काय झालं होतं? राजूर पत्करलं ते काय घरी येऊन बोलण्यासाठी? तिने पुडी सोडली आणि लीनाच्या ताटलीत भेळ काढली. रात्री खालच्या बिऱ्हाडातून कुणीतरी वाटीभर शिरा पाठवला. सोमवारी शाळेत हातात कागद पडला: जूनपासून राजूर. शोभाने नजर चुकवली. गोरखने कागद वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "जाऊ दे. मी बदली मागून घेतो अकोल्याच्या बाजूला. सायकलीसाठी एवढं तर करायचंच." तो तो कागद डेपोत सगळ्यांना दाखवत होता.

निवडणुकीच्या कामाची जागा आदल्या दिवशी कळली. योगायोग असा, की तिला त्यांच्याच वॉर्डातली नगरपालिकेची शाळा मिळाली. सकाळी आठपासून ती बायकांच्या रांगेपुढे शाईची बाटली आणि काडी घेऊन बसली. नाव पुकारलं जायचं, बोट पुढे यायचं, ती नखावर रेघ ओढायची, बाई मतपत्रिका घेऊन पडद्याआड जायची. भाकरीच्या चटक्यांची बोटं, विडीच्या पानांनी पिवळी झालेली बोटं, बुरख्यातून संकोचाने आलेली मेंदीची बोटं. पडद्याआड गेलेल्या कुणी चटकन बाहेर यायच्या, कुणी रेंगाळायच्या, आणि रेंगाळणाऱ्यांना केंद्राध्यक्ष हाका मारू लागले की विजयमाला म्हणायची, "असू द्या, सर, येतील." अकराच्या सुमाराला तोफखान्यातल्या बायका एकदम आल्या. केशरबाई सगळ्यांच्या पुढे. तिने डावा हात पुढे केला आणि शाई लागताना वाकून, कानाशी, म्हणाली, "बाई, खरं सांगते, माझं होडीला हुतं. नळावर हुबा ऱ्हायलेला मानूस त्यो, मी इसरले न्हाई. पन तुमी सायकलीसाटी नोकरी पनाला लावली. आळीतल्या समद्या बायांचं ठरलंय. तुमी दिलं तिथंच." आणि दुसऱ्या हाताचं बोट तिने हवेत गोल फिरवलं, चाकासारखं. तिच्यामागे सात-आठ जणी उभ्या होत्या. एकीने मान हलवली, एकीने डोळ्यांनीच नमस्कार केला.

विजयमालाने केशरबाईचं बोट घट्ट धरलं. सोडलंच नाही. "केशरबाई..." तिच्या तोंडून निघालं.

"ओ बाई," केंद्राध्यक्ष मागून म्हणाले, "ड्यूटीवरच्या माणसाने मतदाराशी बोलायचं नाही. नियम आहे."

"न्हाई न्हाई, सायेब, घरगुती बोलतोय," केशरबाई हसून म्हणाली आणि आपलं बोट सोडवून घेऊन पडद्याकडे निघाली. नखावरची शाई अजून ओली होती. पुढच्या बाईने हात पुढे केला. विजयमालाने काडी बाटलीत बुडवली, टोकावरचा थेंब काठाला निपटला आणि ते बोट हातात घेतलं.